सुभेदार रामजीबाबा : एका पेन्शनर पित्याचे स्मरण
(स्मृतिदिनानिमित्त मंडळाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



२ फेब्रुवारी हा सुभेदार रामजी मालोजी सकपाळ यांचा स्मृतिदिन. १९१३ साली याच तारखेला मुंबईत त्यांचे निधन झाले. आपल्याकडे १४ एप्रिल साजरा होतो, ६ डिसेंबरला आपण चैत्यभूमीवर जातो, विजयादशमीला दीक्षाभूमीचे स्मरण करतो. परंतु २ फेब्रुवारी ही तारीख आपल्यापैकी किती जणांच्या ध्यानात असते? जयंतीच्या भाषणांत रामजीबाबांचे नाव एका वाक्यात येते आणि वक्ता पुढे निघून जातो. बाबासाहेबांचे वडील, लष्करात सुभेदार, धार्मिक वृत्तीचे, शिस्तीचे. एवढ्यावर त्यांची ओळख संपते. मंडळाने आज त्यांच्यासाठी स्वतंत्र कार्यक्रम ठेवला आणि मला बोलायला सांगितले, याबद्दल मी कार्यकर्त्यांचे आभार मानतो.

मी रामजीबाबांच्या आयुष्याच्या एकाच भागावर बोलणार आहे. तो भाग म्हणजे निवृत्तीनंतरची वर्षे. लष्करातून बाहेर पडल्यावर सुमारे दोन दशके ते जगले. ती वर्षे त्यांनी कशी घालवली, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. समोर बसलेल्या मंडळींत रेल्वेतून, पोस्टातून, बँकांतून, शाळांतून आणि महानगरपालिकेतून सेवानिवृत्त झालेले पुष्कळ जण आहेत. मीही पेन्शनर आहे. आपल्या समाजात नोकरी करून, पेन्शन घेऊन, चार भिंतींचे घर उभे करून सुखाने म्हातारपण घालवणाऱ्यांची पिढी आता मोठी झाली आहे. तेव्हा आपल्या आधीच्या एका पेन्शनर माणसाने काय केले, हे समजून घेणे आपल्याच कामाचे आहे.

प्रथम थोडी पार्श्वभूमी सांगतो. रामजीबाबांचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. ते आज मंडणगड तालुक्यात येते. वडील मालोजी हेही लष्करात होते. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत महार समाजातील माणसांना शिपाईगिरी मिळत असे. गावकीच्या कामातून सुटण्याची ती एक वाट होती. त्या फौजेची आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावी. तेथे शिपायांना आणि त्यांच्या मुला-मुलींना शिक्षण सक्तीचे होते. गावच्या शाळेत ज्यांना ओसरीवरही कोणी बसू देत नव्हते, त्यांच्या हातात पलटणीच्या शाळेत पाटी-पेन्सिल आली. रामजीबाबा त्या शाळांतून शिकले, शिक्षक झाले आणि चौदा वर्षे त्यांनी लष्करी शाळेचे मुख्याध्यापकपद सांभाळले. त्यांचा विवाह मुरबाडकर घराण्यातील भीमाबाईंशी झाला. भीमाबाईंचे वडीलही लष्करात सुभेदार-मेजर होते. या दांपत्याला चौदा अपत्ये झाली. त्यांपैकी बाळाराम, आनंदराव, मंजुळा, तुळसा आणि सर्वांत धाकटे भीमराव एवढीच जगली. भीमराव १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत जन्मले.

बंधू-भगिनींनो, चौदांपैकी नऊ मुले गमावलेला हा बाप आहे. रामजीबाबांची शिस्त कडक होती, असे आपण वाचतो. त्या शिस्तीमागे केवढी धास्ती आणि केवढी माया असेल, याचा विचार ज्याने त्याने आपल्या घरातल्या मुलांकडे पाहून करावा.

भीमराव अगदी लहान असताना रामजीबाबा सुभेदार म्हणून निवृत्त झाले. स्थायिक होण्याच्या विचाराने ते कुटुंब घेऊन दापोलीला आले. त्या काळी दापोलीला लष्करी पेन्शनरांची मोठी वस्ती होती. तेथे राहिले असते तर आपल्यासारख्याच चार पेन्शनरांच्या सोबतीने दिवस निघाले असते. परंतु तेथे त्यांचे मन रमले नाही आणि ते साताऱ्याला आले. तेथे त्यांनी पुन्हा नोकरी धरली. साताऱ्यातच भीमाबाईंचे निधन झाले. भीमराव तेव्हा पाच-सहा वर्षांचे होते. रामजीबाबांची बहीण मीराबाई पाठीने अधू होती. तिने या पोरक्या मुलांना सांभाळले. बाबासाहेबांच्या आयुष्यातील या आत्याबाईंचे ऋण आपण विसरू नये.

साताऱ्यातील दोन गोष्टी सांगतो. पहिली, ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमरावांचे नाव तेथील सरकारी हायस्कूलमध्ये, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, दाखल झाले. २०१७ पासून हा दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्या दिवशी बाबासाहेबांचे स्मरण होते ते योग्यच आहे. पण नऊ वर्षांच्या मुलाचे नाव शाळेत घालायला घरातले मोठे माणूस लागते. पेन्शनीवर आलेल्या, पत्नी गमावलेल्या त्या माणसाने घरातल्या सगळ्या अडचणींतून शाळेची वाट मोकळी ठेवली, हेही त्या दिवशी सांगायला हवे.

दुसरी गोष्ट १९०१ च्या सुमाराची. दुष्काळ पडला होता. भुकेल्या लोकांना काम मिळावे म्हणून सरकारने खटाव तालुक्यात तलावाचे खोदकाम काढले होते. रामजीबाबा तेथे रोखपाल म्हणून काम करीत होते. मुलांना भेटायला येणे जमेना, म्हणून त्यांनी पत्र लिहून उन्हाळ्याच्या सुटीत मुलांना आपल्याकडे बोलावले. प्रवास कसा करायचा, हे सविस्तर कळवले. निघण्याचा दिवस कळवा म्हणजे शिपाई स्टेशनवर पाठवतो, असेही लिहिले. मुलांना नवे कपडे झाले, जरीच्या टोप्या झाल्या, नवे जोडे आले. भीमराव, त्यांचे वडील बंधू आणि बहिणीची दोन मुले आनंदाने आगगाडीत बसून मसूर स्टेशनावर उतरली. तेथे कोणीच न्यायला आले नव्हते. मुलांनी पाठवलेले पत्र रामजीबाबांच्या नोकराच्या हाती पडले होते आणि तो ते त्यांना द्यायला विसरला होता.

पुढचे आपण जाणता. मुले महार आहेत हे कळताच स्टेशनमास्तर मागे सरला. गाडीवाले बैलगाडी द्यायला तयार होईनात. शेवटी दुप्पट भाड्यावर एक जण तयार झाला, तोही मुलांनी गाडी हाकावी आणि आपण बाजूने चालावे या अटीवर. डब्यात जेवण होते, पण प्यायला पाणी कोणी दिले नाही. रात्रभर ती मुले तहानलेली राहिली आणि दुसऱ्या दिवशी वडिलांकडे पोचली. हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत लिहून ठेवला आहे. ते पुस्तक पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली प्रसिद्ध केले.

हा प्रसंग आपण नेहमी त्या नऊ-दहा वर्षांच्या मुलाच्या बाजूने ऐकतो. आज तो बापाच्या बाजूने ऐकावा, अशी माझी विनंती आहे. हा मनुष्य लष्करात अधिकारी होता. शिपायांच्या मुलांना त्याने शिकवले होते. सरकारी कामावरचा पैसा त्याच्या हवाली होता, म्हणजे त्याच्या सचोटीवर सरकारचा विश्वास होता. मुलांना त्याने चांगले कपडे घातले, चांगली भाषा शिकवली, स्वच्छता शिकवली. बापाने करायचे ते सर्व केले. तरीही त्याच्या मुलांना वाटेत घोटभर पाणी मिळाले नाही. हुद्दा, पेन्शन, शिक्षण आणि नीटनेटके कपडे एवढ्याने जात सुटत नाही, हा धडा त्या दिवशी मुलाला मिळाला. तो बापालाही मिळाला असणारच. आपल्यापैकी ज्यांना वाटते की मुलाला चांगली नोकरी लागली, फ्लॅट झाला, आता समाजाच्या कार्याशी आपला काय संबंध, त्यांनी हा प्रसंग पुन्हा वाचावा.

रामजीबाबा घरापुरते जगणारे नव्हते, याचीही नोंद आहे. महात्मा फुले यांच्याविषयी त्यांना आदर होता. १८९२ च्या सुमारास महारांची लष्करभरती बंद झाली. तेव्हा त्याविरुद्ध सरकारकडे दाद मागण्यासाठी ते न्यायमूर्ती रानडे यांच्याकडे गेले, असे चरित्रकारांनी नोंदवले आहे. ज्या नोकरीमुळे आपल्याला अक्षरओळख झाली, तिचे दार आपल्यामागे बंद होत असताना ते स्वस्थ बसले नाहीत. पुढे १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली, त्यामागे बाबासाहेबांचे प्रयत्न होते. बापाने मागितलेली दाद मुलाने तडीस नेली, असे म्हटले तर चुकीचे होणार नाही.

आता मुंबईकडे येऊ. साधारण १९०४ मध्ये हे कुटुंब मुंबईला आले आणि परळ भागातील डबक चाळीत एका खोलीत राहू लागले. कामगारवस्तीतली एकच खोली. तिथेच स्वयंपाक, तिथेच झोपणे, तिथेच अभ्यास. पेन्शन महिना पन्नास रुपये. त्यात मुलांचे शिक्षण, पाहुणेरावळे, आजारपणे.

त्या एका खोलीत अभ्यास कसा होत असे, हे विद्यार्थ्यांनी नीट ऐकावे. भीमराव शाळेतून आले की लवकर जेवून झोपत. रामजीबाबा रात्री दोन वाजेपर्यंत जागे राहत आणि दोन वाजता मुलाला उठवून मग स्वतः आडवे होत. सगळे घर झोपलेले असे, चाळ शांत असे, आणि दिव्याच्या उजेडात मुलगा पहाटेपर्यंत अभ्यास करी. घरात जागा नव्हती, तेव्हा रामजीबाबांनी मुलाला वेळ काढून दिली आणि त्यासाठी आपली झोप खर्च केली. आजच्या पालकांपुढे मी एवढेच ठेवतो. मुलासाठी वेगळी खोली बांधून देणारे आपल्यात आता पुष्कळ आहेत. मुलगा अभ्यास करतो तोवर घरातला टीव्ही बंद ठेवणारे किती आहेत?

शिकवण्याची त्यांची पद्धतही सांगण्यासारखी आहे. ते हाडाचे शिक्षक होते. इंग्रजीसाठी त्यांनी मुलाकडून हॉवर्डची पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला करून घेतली. भाषांतर करताना नेमका शब्द शोधायला लावला. ज्या बाबासाहेबांच्या इंग्रजीची जगाने वाहवा केली, त्या इंग्रजीचा पाया एका निवृत्त पंतोजीने चाळीच्या खोलीत घातला.

आणि पुस्तके! भीमरावांना पाठ्यपुस्तकांपलीकडच्या पुस्तकांचा नाद लागला. मुलाने पुस्तक मागितले की रामजीबाबा नाही म्हणत नसत. पैसे नसले तर धाकट्या मुलीकडे जात. तिच्याकडे जमले नाही तर थोरलीकडे जात. उसने पैसे मिळत, नाहीतर एखादा दागिना मिळे. तो गहाण टाकून पुस्तक यायचे आणि पेन्शन हाती आली की दागिना सोडवून मुलीला परत केला जायचा.

या गोष्टीत आपण रामजीबाबांचे कौतुक करतो, ते करायलाच हवे. पण माता-भगिनींनो, दागिना कोणाचा होता? तो मंजुळेचा होता, तुळसेचा होता. सासरी नांदणाऱ्या मुलीने आपला दागिना धाकट्या भावाच्या पुस्तकासाठी काढून द्यायचा, ही लहान गोष्ट नाही. तसेच दोघा भावांचे हायस्कूलचे शिक्षण पेन्शनीत भागेना, तेव्हा आनंदरावांनी शाळा सोडली आणि ते नोकरीला लागले. भीमराव शिकत राहिले. म्हणजे एका मुलाच्या शिक्षणासाठी दोन बहिणींचे दागिने, एका भावाची शाळा, एका आत्याचे कष्ट आणि बापाची झोप एवढे सगळे लागले. त्या काळी दुसरा उपाय नव्हता. आज शिष्यवृत्ती आहे, वसतिगृहे आहेत, राखीव जागा आहेत, त्या बाबासाहेबांच्या कष्टाने मिळालेल्या आहेत. त्यामुळे घरातल्या एकाच मुलाला शिकवायचे आणि मुलीला मागे ठेवायचे, याला आज काहीही कारण उरलेले नाही. मुलीच्या लग्नासाठी कर्ज काढणारा आणि तिच्या कॉलेजच्या फीसाठी मात्र हात आखडता घेणारा बाप आपल्या वस्तीत असेल, तर त्याला रामजीबाबांचे नाव घेण्याचा अधिकार नाही.

रामजीबाबांना देव करून टाकावे, असे मला म्हणायचे नाही. आपण बुद्धाचे अनुयायी आहोत. माणसाला माणूस म्हणूनच पाहावे. भीमाबाईंच्या निधनानंतर त्यांनी दुसरा विवाह केला. लहानग्या भीमरावांना ते रुचले नाही. वडिलांवर अवलंबून राहायचे नाही, मुंबईला जाऊन गिरणीत काम करायचे, असे त्यांनी ठरवले. प्रवासखर्चासाठी आत्याच्या कमरेची पैशांची पिशवी काढायचा प्रयत्न केला, आणि अखेर ती हाती लागली तेव्हा तीत अर्धा आणा निघाला. त्या अर्ध्या आण्याने ते ओशाळले आणि अभ्यास करूनच आपल्या पायावर उभे राहायचे, असे त्यांनी ठरवले. ही हकीकत बाबासाहेबांनी स्वतः सांगितली आहे. घरोघरी बाप-लेकांत असे रुसवे-फुगवे असतात. त्या घरातही ते होते. तरीही बापाने मुलाला उठवणे सोडले नाही आणि मुलाने उठणे सोडले नाही.

१९०७ साली भीमराव एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झाले. त्यांना ७५० पैकी २८२ गुण मिळाले होते. आज नव्वद टक्क्यांना रडणाऱ्या विद्यार्थ्यांनी हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. त्या गुणांवर बापाने मुलाला टोचून बोलल्याचे कोठे नोंदलेले नाही. पुढे कॉलेजात जायचे हेच त्या घरात ठरलेले होते.

आता ज्या गोष्टीसाठी मी प्रामुख्याने उभा आहे, तिच्याकडे येतो. रामजीबाबा कबीरपंथी होते. घरात सकाळ-संध्याकाळ भजन होई, संतांचे अभंग होत, मुलांकडून रामायण-महाभारत वाचून घेतले जाई. आपल्यातले काही तरुण विचारतात की, बाबासाहेबांनी ज्या ग्रंथांवर टीका केली तेच ग्रंथ वाचायला लावणाऱ्या वडिलांचे स्मरण बौद्ध मंडळाने का करावे? प्रश्न रास्त आहे. तो टाळून चालणार नाही.

याचे उत्तर बाबासाहेबांनीच ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी १९५६ साली लिहिलेल्या एका प्रस्तावनेत आहे. इंग्रजी शाळेतील एक परीक्षा भीमराव पास झाले, तेव्हा वस्तीतल्या मंडळींना त्यांचा सत्कार करायचा होता. रामजीबाबांनी साफ नकार दिला. एक परीक्षा तर पास झाला आहे, सत्काराने मुलाच्या डोक्यात हवा जाईल, असे त्यांचे म्हणणे पडले. मग मंडळी कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींकडे गेली. ते रामजीबाबांचे स्नेही होते. त्यांच्या शब्दाखातर रामजीबाबा राजी झाले. सभा झाली, केळुसकर गुरुजी अध्यक्ष होते आणि त्यांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र भीमरावांना भेट दिले.

ते चरित्र वाचून मुलाच्या मनात खळबळ झाली. त्याने वडिलांना विचारले की, ज्या ग्रंथांत शूद्र आणि अस्पृश्यांची अवहेलना आहे ते आम्हाला का वाचायला लावता? रामजीबाबांना प्रश्न आवडला नाही. त्यांनी मुलाला गप्प केले. काही दिवसांनी मुलाने पुन्हा तोच प्रश्न विचारला. या वेळी रामजीबाबा उत्तराची तयारी करून बसले होते. त्यांनी सांगितले की, आपण अस्पृश्य आहोत, तुझ्या मनात न्यूनगंड येण्याचा संभव आहे. तो जावा म्हणून हे वाचायचे. द्रोण, कर्ण, वाल्मीकी अशा सामान्य ठिकाणाहून आलेल्या माणसांनी केवढी उंची गाठली, हे कळावे म्हणून वाचायचे. बाबासाहेब लिहितात की, वडिलांच्या म्हणण्यात तथ्य होते, पण आपले समाधान झाले नाही.

मित्रांनो, या प्रसंगातील बाप मला फार मोठा वाटतो. पहिल्या वेळी त्याने मुलाला दटावले, कारण त्या काळचा तो बाप होता, लष्करातला होता. पण प्रश्न त्याच्या मनातून गेला नाही. त्यावर त्याने विचार केला आणि दुसऱ्या वेळी मुलाला बरोबरीच्या माणसासारखे उत्तर दिले. ते उत्तर मुलाला पटले नाही, तरी मुलाचा प्रश्न विचारण्याचा अधिकार त्याने मान्य केला. आणि त्या उत्तरात ग्रंथाची पोथीपूजा नाही. आपल्या मुलाची मान ताठ राहावी, एवढाच त्या उत्तराचा हेतू आहे. साधन वडिलांचे होते, ते मुलाने बदलले. हेतू मात्र तोच ठेवला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो लोकांची मान ताठ झाली, तेव्हा त्या पेन्शनर बापाचाच हेतू पुरा झाला, असे मी मानतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. १९५४ साली आपल्या गुरूंविषयी बोलताना बाबासाहेबांनी तीन नावे घेतली. बुद्ध, कबीर आणि महात्मा फुले. कबीर तर रामजीबाबांच्या घरात रोज गायला जात होता. फुल्यांविषयीचा आदर रामजीबाबांच्या मनात आधीपासून होता. आणि बुद्ध आला तो रामजीबाबांच्या मित्राच्या हातून, रामजीबाबांनी अखेर होकार दिलेल्या सभेत. तिन्ही गुरू त्या एका खोलीच्या उंबरठ्यावरूनच आत आले. वडील स्वतः बौद्ध नव्हते, पण त्यांनी दार लावून घेतले नाही.

आपल्या त्रिपिटकात दीघ निकायातील सिगालोवाद सुत्त आहे. विद्यार्थ्यांनी ते अवश्य वाचावे. राजगृहातील सिगाल नावाचा तरुण पहाटे ओल्या वस्त्रांनी सहा दिशांना नमस्कार करीत होता. भगवंतांनी कारण विचारले, तेव्हा मरताना वडिलांनी तसे सांगितले होते, असे तो म्हणाला. भगवंतांनी त्याच्या वडिलांची चेष्टा केली नाही आणि नमस्कार बंद करायलाही सांगितले नाही. त्यांनी दिशांचा अर्थ सांगितला. पूर्व दिशा म्हणजे आईवडील, दक्षिण म्हणजे आचार्य, पश्चिम म्हणजे पत्नी व मुले, उत्तर म्हणजे मित्र, खालची दिशा म्हणजे नोकर-कामकरी आणि वरची म्हणजे श्रमण. या सर्वांशी कर्तव्याने वागणे हाच खरा नमस्कार. आईवडिलांनी मुलांना वाईटापासून वाचवावे, चांगल्याकडे वळवावे, विद्या व कला शिकवावी, योग्य विवाह करून द्यावा आणि योग्य वेळी वारसा सोपवावा, असे तेथे सांगितले आहे. मुलांनी आईवडिलांचा सांभाळ करावा, त्यांची कामे करावीत, कुळाचे नाव राखावे, वारशाला पात्र व्हावे आणि त्यांच्यामागे दानधर्म करावा. वडिलांचा शब्द मोडायचा नाही, पण त्यात नवा आणि खरा अर्थ भरायचा, ही शिकवण त्या सुत्तात आहे. बाबासाहेबांनी आपल्या वडिलांच्या बाबतीत नेमके हेच केले.

अखेरचा भाग थोडक्यात सांगतो. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती दिली आणि भीमराव बी. ए. झाले. कुटुंब तोवर परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत राहायला आले होते. १९१३ च्या जानेवारीत भीमराव बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. काही दिवसांतच वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. ते तसेच निघाले. चरित्रकार सांगतात की, वडिलांसाठी मिठाई घ्यावी म्हणून ते सुरत स्टेशनवर उतरले आणि तेवढ्यात गाडी सुटली. मुंबईला पोचायला दुसरा दिवस उजाडला. रामजीबाबांचे डोळे मुलाची वाट पाहत होते. मुलगा जवळ येताच त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि थोड्याच वेळात प्राण सोडला.

त्याच वर्षी जुलै महिन्यात भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. ते पाहायला रामजीबाबा राहिले नव्हते. मुलाच्या विद्वत्तेचे फळ त्यांना चाखायला मिळाले नाही. बॅरिस्टर भीमराव, मंत्री भीमराव, राज्यघटनेचे शिल्पकार भीमराव त्यांनी पाहिले नाहीत. त्यांनी पाहिला तो बी. ए. झालेला, नुकताच नोकरीला लागलेला मुलगा. झाड लावणाऱ्याला सावली मिळतेच असे नाही. दहा वर्षांनी, १९२३ साली, बाबासाहेबांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. तो त्यांनी आपल्या शिक्षणासाठी आईवडिलांनी केलेल्या त्यागाचे स्मरण ठेवून त्यांच्या स्मृतीस अर्पण केला. रुपयाच्या प्रश्नावर जगातील अर्थतज्ज्ञांनी वाचावा असा ग्रंथ, आणि तो अर्पण केला पन्नास रुपये पेन्शनीत घर चालवणाऱ्या माणसाला.

सेवानिवृत्त बंधूंनो, आता मी आपल्याशी बोलतो. निवृत्त झाल्यावर आपल्या हाती फंड येतो, ग्रॅच्युइटी येते, महिन्याची पेन्शन येते. त्याहून मोठी गोष्ट हाती येते ती म्हणजे वेळ. रामजीबाबांकडे पैसा नव्हता, त्यांनी वेळ दिला. आपल्या वस्तीत आजही एका खोलीत सहा-सात माणसे राहणारी घरे आहेत. त्या घरातल्या दहावी-बारावीच्या मुलांना रात्री बसायला जागा नाही. आपले हे सभागृह रात्री आठनंतर कुलूपबंद असते. आपल्यापैकी सात पेन्शनरांनी आठवड्यातला एकेक दिवस वाटून घेतला आणि रात्री आठ ते बारा या वेळात येथे फक्त बसून राहिले, तरी येथे अभ्यासिका चालू शकते. शिकवता आले तर उत्तमच. नाही आले तरी म्हाताऱ्या माणसाच्या नुसत्या जागे राहण्याने काय होते, ते आपण आत्ताच ऐकले. अध्यक्षमहाशयांनी या सूचनेचा कार्यकारिणीत विचार करावा आणि पहिला दिवस माझ्या नावावर लिहून घ्यावा.

विद्यार्थ्यांनाही एक सांगणे आहे. तुमच्या घरात असाच एखादा रामजी असेल. कदाचित तो शाळेचा मुख्याध्यापक नसेल, गिरणी बंद पडल्यावर वॉचमनची नोकरी केलेला असेल, सफाई खात्यातून निवृत्त झालेला असेल. त्याचे विचार तुम्हाला जुने वाटत असतील, तो अजून एखादी जुनी रूढी धरून बसला असेल. त्याला प्रश्न जरूर विचारा. बाबासाहेबांनी विचारले, तुम्हीही विचारा. पहिल्या वेळी रागावला तर पुन्हा विचारा. पण प्रश्न विचारताना हेही आठवा की, तुम्ही ज्या पुस्तकामुळे प्रश्न विचारायला शिकलात, त्या पुस्तकाचे पैसे त्याने भरलेले आहेत.

सुभेदार रामजीबाबा, माता भीमाबाई, आत्याबाई मीराबाई, मंजुळा, तुळसा, आनंदराव या सर्वांच्या स्मृतीस मी मंडळाच्या वतीने अभिवादन करतो. 

नमो बुद्धाय! जयभीम!